प्रिंटर परत परत 'ऑफलाइन' जातो : मूळ कारण आणि कायमचा इलाज

प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, ट्रेमध्ये कागद आहे, टोनर नवा आहे. संगणकावर मात्र नावाखाली 'ऑफलाइन'. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग "दादा, प्रिंटर परत ऑफलाइन व्हयना" असा फोन जातो. कुणीतरी येतं, प्रिंटर काढून पुन्हा जोडतं, ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकतं, एक टेस्ट पेज काढून दाखवतं आणि जातं. आठवड्याभरात पुन्हा तेच. जळगावच्या सीएच्या ऑफिसात असो, धुळ्याच्या पतसंस्थेत असो की शहाद्याच्या सेतू केंद्रात, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते ड्रायव्हरमध्ये नसतं. प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो आणि संगणक अजून जुन्या पत्त्यावर हाक मारत असतो.

प्रिंटर काढून पुन्हा जोडला की तो चालू होतो, कारण जोडताना संगणक त्याला नव्याने शोधतो आणि त्या दिवशीचा पत्ता नोंदवून घेतो. पत्ता पुढे पुन्हा बदलू नये याची तजवीज मात्र कुणी करत नाही. म्हणून ड्रायव्हर पाच वेळा टाकला तरी दुखणं तसंच राहतं.

पत्ता का बदलतो

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता असतो; बऱ्याच राउटरांत ही मुदत २४ तासांची असते. यंत्र सतत चालू असेल तर मुदत संपण्याआधीच तोच पत्ता पुढे चालू करून घेतं. अडचण होते ती वीज गेल्यावर. कोणता पत्ता कुणाला दिला ही यादी अनेक लहान राउटरांत फक्त चालू मेमरीत असते, वीज गेली की पुसली जाते. वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला आधी पत्ता. कुणाचा तरी मोबाइल वायफायला आधी जोडला गेला, त्याला १९२.१६८.१.७ मिळाला, आणि मागून जागा झालेल्या प्रिंटरच्या वाट्याला १९२.१६८.१.११ आला. संगणक आपला ७ वरच हाक मारतोय.

भारनियमन असो की दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला फीडर, आपल्याकडे हा खेळ वारंवार होतो. वीज न जाणाऱ्या शहरी ऑफिसात तोच प्रिंटर वर्षभर कुरकुर न करता चालतो तो याचमुळे. प्रिंटरच्या कंपनीला दोष देण्याआधी हे तपासून घ्या.

आधी निदान : एक कागद आणि एक खिडकी

पहिलं काम, प्रिंटरकडूनच त्याचा पत्ता काढून घेणं. डिस्प्ले असलेल्या मॉडेलवर 'सेटअप' किंवा 'नेटवर्क' मेनूत 'कॉन्फिगरेशन रिपोर्ट' किंवा 'नेटवर्क स्टेटस शीट' अशा नावाचा पर्याय असतो, तो छापा. डिस्प्ले नसेल तर एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं ते मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअलमध्ये पाहा. हा कागद संगणकाशिवाय छापला जातो, त्यामुळे तो नीट आला तर प्रिंटरचं यंत्र ठीक आहे हेही त्याच वेळी कळतं. कागदावर तीन गोष्टींखाली रेघ ओढा: आयपी पत्ता, मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, बारा अंक-अक्षरांचा, दोन-दोनच्या जोड्यांत लिहिलेला), आणि पत्ता 'डीएचसीपी'ने (राउटरकडून आपोआप) मिळालाय की 'मॅन्युअल' (हाताने टाकलेला) आहे.

दुसरं, संगणकावर 'सेटिंग्ज' उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' मधल्या 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये जा (विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस' मध्ये), तुमचा प्रिंटर निवडा आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. शेजारीच 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' असतं, ते नव्हे. तिथे फक्त कागद आणि रंगाची सेटिंगं असतात. 'पोर्ट्स' टॅबवर या. ज्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे तीच ओळ महत्त्वाची: संगणक प्रिंट कोणत्या पत्त्यावर पाठवतो ते तिथे दिसतं.

आता कागद आणि खिडकी शेजारी ठेवून वाचा.

कागदावर १९२.१६८.१.११ आणि पोर्टमध्ये १९२.१६८.१.७ असेल तर निदान झालं, पुढच्या भागात इलाज आहे.

कागदावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. प्रिंटर राउटरच्या आधी सुरू झाला, किंवा केबल सैल आहे, किंवा वायफायचा पासवर्ड बदललाय. राउटर चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा आणि कागद परत छापा.

पोर्टच्या नावात 'डब्ल्यूएसडी' असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. या पद्धतीत प्रिंटर दर वेळी नेटवर्कवर हाकाटी करून शोधला जातो. घरी ठीक आहे, पण नेटवर्क स्विच (केबली एकत्र जोडायची पेटी), दुसरा राउटर, वायफाय असं सगळं मिसळलेल्या ऑफिसात ती दगा देते. 'ऑफलाइन'च्या तक्रारीत हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण समजा.

आणि दोन्हीकडचा पत्ता तंतोतंत जुळत असेल तर थेट खालच्या 'पत्ता बरोबर, तरी ऑफलाइन' या भागात जा.

फक्त पिंग करून (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा देऊन) समाधान मानू नका. जुना पत्ता आता एखाद्या मोबाइलकडे गेला असेल तर तो मोबाइल पिंगला उत्तर देतो, आणि 'नेटवर्क तर चालू आहे' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा ब्राउझरच्या पट्टीत तो पत्ता टाइप करा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, त्यावर मॉडेलचं नाव आणि टोनरची पातळी दिसली, तरच तिथे प्रिंटर आहे. काही मॉडेलांत सुरक्षेचा इशारा येतो. पत्ता तुमच्याच कागदावरचा असेल तर पुढे जायला हरकत नाही.

इलाज : पत्ता बांधून टाका

दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याचा, आणि शक्य असेल तिथे हाच घ्या. राउटरचं पान उघडण्यासाठी कागदावर 'गेटवे' म्हणून जो पत्ता आहे तो ब्राउझरमध्ये टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आत 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' विभागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक डीएचसीपी' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' यांपैकी काहीतरी सापडेल. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, अशी नोंद करून सेव्ह करा. राउटर रीस्टार्ट करा, मग प्रिंटर. कॉन्फिगरेशनचा कागद पुन्हा छापून ५० आलाय याची खात्री करा.

मॅक पत्त्याबाबत एक खबरदारी. प्रिंटरला केबल आणि वायफाय दोन्ही असतील तर दोघांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात. केबलची नोंद केली आणि प्रिंटर वायफायवर चालवला तर राखीव पत्ता त्याला मिळणारच नाही. ज्या वाटेने जोडलंय त्याच वाटेचा मॅक घ्या. मोबाइलप्रमाणे बदलता मॅक दाखवण्याची खोड प्रिंटरला सहसा नसते, त्यामुळे एकदा नोंदवला की पुरतो.

दुसरा रस्ता प्रिंटरमध्येच मॅन्युअल पत्ता टाकण्याचा. फायबरच्या मोडेमचा पासवर्ड इंटरनेटवाला देत नसेल तर हाच उरतो. यात नियम एकच: पत्ता राउटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा हवा. राउटर शेवटचा आकडा २ ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला २२० द्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. हद्दीतला एखादा आकडा मनानेच टाकला तर आज चालेल, आणि एक दिवस राउटर तोच आकडा दुसऱ्या यंत्राला देईल. मग दोघे एका पत्त्यावर भांडतात. प्रिंट कधी निघते, कधी निघत नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

पहिला रस्ता चांगला का, तर इंटरनेटवाला बदलल्यावर नवा राउटर येतो आणि त्याची मालिकाच वेगळी असते, १९२.१६८.०, किंवा काहींची १९२.१६८.२९. मॅन्युअल पत्त्याचा प्रिंटर तेव्हा जुन्याच मालिकेत अडकून पडतो, कुणाच्याच हाती लागत नाही आणि पॅनेलवर जाऊन सोडवावा लागतो. डीएचसीपीवर ठेवलेला प्रिंटर निदान नव्या राउटरकडून पत्ता तरी घेतो. राखीव नोंद नव्याने करायची आणि संगणकांतले पोर्ट बदलायचे.

आता संगणकाकडचं काम. पोर्ट आधीपासून टीसीपी/आयपी प्रकारचा (थेट आयपी पत्त्यावर जोडणारा) असेल तर प्रिंटर काढायची गरज नाही:

१. 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मध्ये 'पोर्ट्स' टॅब, तिथे 'ॲड पोर्ट'.
२. 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून 'न्यू पोर्ट'.
३. पत्ता टाइप करा, पोर्टचं नाव आपोआप भरलं जातं, 'नेक्स्ट'.
४. यंत्राची ओळख विचारली तर 'जेनेरिक नेटवर्क कार्ड' ठेवा.
५. नव्या पोर्टपुढे खूण आहे ना ते पाहून 'अप्लाय', आणि 'जनरल' टॅबवरून टेस्ट पेज.

डब्ल्यूएसडीने जोडलेला असेल तर मात्र पोर्ट बदलत बसू नका, टीसीपी/आयपीची वेगळी नोंद करा. 'ॲड डिव्हाइस' दाबल्यावर थोड्या वेळाने 'ॲड मॅन्युअली' दिसतं. त्यात आयपी पत्ता किंवा होस्टनेमने जोडण्याचा पर्याय घ्या. पुढच्या खिडकीत 'डिव्हाइस टाइप' आपोआप 'ऑटोडिटेक्ट' असतो. तो बदलून 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' करा, नाहीतर विंडोज पुन्हा डब्ल्यूएसडीच लावून मोकळं होऊ शकतं. ड्रायव्हर आधीच संगणकात असेल तर खालची 'क्वेरी द प्रिंटर' ही खूण काढा आणि यादीतून तोच ड्रायव्हर निवडा. ऑल-इन-वन मशीन असेल तर जुनी नोंद लगेच उडवू नका. स्कॅनिंग कधी कधी तिच्यावर चालू असतं. आधी स्कॅन तपासा, मग ठरवा.

हे प्रत्येक संगणकावर एकदा करावं लागतं. आठ संगणक असतील तर तासाभराचं काम आहे, आणि ते एकाच बैठकीत संपवा. निम्मे नव्या पोर्टवर आणि निम्मे जुन्यावर राहिले की 'त्याच्याकडून निघते, माझ्याकडून निघत नाही' सुरू होतं.

पत्ता बरोबर, तरी ऑफलाइन

'पोर्ट्स' टॅबवर तुमचं पोर्ट निवडून 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा. वर 'रॉ' आणि पोर्ट क्रमांक ९१०० असायला हवा. खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी खूण दिसेल. ती खूण असेल तर विंडोज प्रिंटरला अधूनमधून 'कसा आहेस' असं एसएनएमपीने (यंत्राची हालहवाल विचारण्याची नेटवर्कवरची पद्धत) विचारतं. प्रिंटरमध्ये ती सेवा बंद असेल, किंवा तिचं परवलीचं नाव 'पब्लिक' न ठेवता बदललेलं असेल, तर उत्तर येत नाही आणि धडधाकट प्रिंटर 'ऑफलाइन' ठरतो. खूण काढा. बदल्यात कागद संपल्याची सूचना त्या पोर्टकडून संगणकाला मिळणार नाही, पण कागद संपलाय हे प्रिंटरजवळ बसलेल्याला दिसतंच.

यानेही सुटलं नाही तर प्रिंटरची क्यू (पाठवलेल्या प्रिंटांची रांग) उघडा आणि 'यूज प्रिंटर ऑफलाइन' किंवा 'पॉज प्रिंटिंग' वर चुकून खूण पडलीय का बघा. कुणाच्या तरी हातून क्लिक होतं आणि ते तसंच राहतं.

वायफायवरच्या प्रिंटरला आणखी दोन जागा तपासा. बरेच ऑफिस प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर ती पट्टी बंद केली की प्रिंटर गायब. आणि प्रिंटर 'गेस्ट' वायफायवर जोडला असेल तर राउटर मुद्दाम त्याला इतर यंत्रांपासून वेगळा ठेवतो; इंटरनेट चालेल, प्रिंट निघणार नाही. प्रिंटरला केबलचं सॉकेट असेल तर केबलच वापरा. १०० मीटरपर्यंत साधी नेटवर्क केबल पुरते, आणि एवढं लांब ऑफिस क्वचितच असतं. पॅनेलवर 'ऑटो ऑफ' असेल तर तेही बंद करा. 'स्लीप'मधला प्रिंटर काम आलं की जागा होतो. 'ऑटो ऑफ'ने बंद झालेला हाताने बटण दाबल्याशिवाय उठत नाही.

क्यूमध्ये अडकलेलं काम

पन्नास पानांची फाइल पाठवली, मध्येच वीज गेली, आणि आता ते काम 'डिलीटिंग' दाखवत तिथेच बसलंय. मागची सगळी कामं तुंबतात. 'कॅन्सल' पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची कामं रांगेत लावणारी विंडोजची सेवा) वर उजवं क्लिक करून 'स्टॉप'. मग सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज', 'सिस्टिम३२', 'स्पूल', 'प्रिंटर्स' असं आत जा. परवानगी विचारली तर 'कंटिन्यू'. आतल्या एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या फाइल उडवा. फक्त आतल्या फाइल, फोल्डर नाही. शेजारी 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर असतं, त्याला हात लावू नका. मग स्पूलर पुन्हा 'स्टार्ट'. सगळ्यांची थांबलेली कामं यात जातात, म्हणून आधी सांगा. पुन्हा पाठवायला लावा.

स्पूलर स्वतःच सारखा बंद पडत असेल तर बहुधा एखादा जुना ड्रायव्हर बिघडलेला आहे. स्टार्टमध्ये 'प्रिंटर्स' शोधून किंवा नियंत्रण पॅनेलातून 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा, 'ड्रायव्हर्स' टॅबवर आता ऑफिसात नसलेल्या प्रिंटरांचे ड्रायव्हर काढा. जुनी यंत्रं भंगारात गेली तरी त्यांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं संगणकात राहतात.

भलत्याच प्रिंटरवर प्रिंट जाणं

प्रिंट दिली की फाइल सेव्ह करायची खिडकी उघडते, किंवा हिशोबनिसाची पावती साहेबांच्या केबिनमध्ये निघते. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असतं. ते चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी एकदा पीडीएफ बनवली की पुढची पावती पीडीएफकडे. हे बंद करा, मग आपल्या प्रिंटरवर 'सेट ॲज डिफॉल्ट'.

यूएसबी प्रिंटर असेल आणि यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' दिसत असेल तर केबल वेगळ्या सॉकेटमध्ये लावली गेलीय. अनेक मॉडेलांना विंडोज अशा वेळी नवा प्रिंटर समजतं आणि जुन्या नोंदीला 'ऑफलाइन' ठेवतं. केबल मूळ सॉकेटमध्ये लावा, 'कॉपी' काढून टाका, आणि त्या सॉकेटवर टेप लावून 'प्रिंटर' लिहा. झाडूवाल्या मावशींकडून सफाई करताना केबल निघाली तरी कुठे लावायची ते कळेल. केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

एका संगणकाचा प्रिंटर सगळ्यांना

लहान ऑफिसांत यूएसबी प्रिंटर एका संगणकाला लावून बाकीच्यांना शेअर केलेला असतो. तो संगणक बंद किंवा झोपलेला असेल तर बाकीच्यांना 'ऑफलाइन' दिसणारच, यात बिघाड काही नाही. त्या संगणकाची 'स्लीप' बंद करा, सगळ्यांचं नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे हे पाहा, आणि 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. ती असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि यूएसबीचे जुने गोंधळ दुसऱ्या दिवशी तसेच उठतात.

जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर कोड आला तर त्याचं मूळ २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट यंत्रणेत गंभीर त्रुटी सापडल्या आणि सप्टेंबरच्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलण्यासाठी कडक ओळख मागितली जाऊ लागली. एक संगणक अपडेट केलेला आणि दुसरा मागे असेल तर गाडी इथे अडते. रजिस्ट्रीत एक ओळ टाकून ही ओळख बंद करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. ज्या भोकासाठी कुलूप लावलं तेच उघडं राहतं, आणि पतसंस्थेच्या किंवा सीएच्या संगणकात लोकांचा पैशाचा हिशोब असतो. आधी दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा. तरी अडलं तर दुसऱ्या संगणकावर आधी फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पहिल्या संगणकाचं नाव टाकून उघडा, नाव-पासवर्ड जतन करा. मग 'ॲड मॅन्युअली' मधला शेवटचा पर्याय घेऊन नवं 'लोकल पोर्ट' बनवा. पोर्टच्या नावात दोन उलट्या रेघा, संगणकाचं नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा, ड्रायव्हर हाताने निवडा. शेअरचं नाव मोकळ्या जागेशिवाय, छोटं, इंग्रजी अक्षरांत ठेवा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या-नव्या विंडोजची ही ओढाताण पुढे वाढत जाईल. पुढचा प्रिंटर घेताना दोन हजार जास्त गेले तरी नेटवर्क केबलचं सॉकेट असलेला घ्या; हा अख्खा भाग मग वाचावा लागणार नाही.

वीज, ऊन आणि कापूस

राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर घ्या. वर पाहिलं तसं पत्त्यांचा सगळा गोंधळ राउटर बंद पडल्याने होतो, आणि राउटरला वीज अगदी थोडी लागते. लेझर प्रिंटर मात्र ६०० व्हीएच्या लहान यूपीएसवर कधीच लावू नका. त्यातला फ्यूजर नावाचा भाग टोनरची पूड कागदावर वितळवण्यासाठी साधारण २०० अंशांपर्यंत तापतो, आणि तापताना काही क्षण एवढी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो, सोबत संगणकही. लेझरला थेट बोर्डावरून, चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटमधून वीज द्या. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. वीज आली की आधी राउटर, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर.

शाईच्या टाकीवाला प्रिंटर संध्याकाळी भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करायची सवय घालवा. स्वतःच्या बटणाने बंद केला तरच शाई सोडणारं हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. उघडं राहिलं की मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत शाई लवकर वाळते आणि सोमवारी पट्टे येतात. चालू असताना वीज गेली असेल तर ती आल्यावर प्रिंटर चालू करून बटणाने नीट बंद करा.

बहुतेक ऑफिस प्रिंटरांच्या माहितीपत्रकात खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा साधारण ३२ ते ३५ अंश दिलेली असते. आपल्या उन्हाळ्यात कूलर नसलेल्या खोलीत ती सकाळी अकरालाच ओलांडली जाते. प्रिंटर मध्येच थांबून 'कूलिंग डाउन' दाखवत असेल तर घाबरू नका, पण त्याला पत्र्याखालून किंवा पश्चिमेच्या खिडकीतून हलवा आणि मागे वितभर जागा मोकळी ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको. ओली हवा कागदात शिरली की पानं एकमेकांना चिकटतात, फ्यूजरमधून वाकून निघतात आणि अडकतात. पावसाळ्यातही तेच होतं. उघडी रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि ट्रेमध्ये दिवसाला लागेल एवढाच कागद भरा.

जिनिंगच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू सगळीकडे उडतात. ते कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसतात, रोलर गुळगुळीत होतो, आणि ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर 'कागद नाही' म्हणतो. वीज बंद करून, ट्रे काढून, तंतू न सुटणारं फडकं पाण्याने जेमतेम ओलं करून रोलर फिरवत पुसा, पूर्ण वाळू द्या. फडक्याला काळा थर लागतो तोच गुन्हेगार. रोलर पुसूनही चकाकत राहिला तर झिजलाय, बदला. लेझरमध्ये सांडलेल्या टोनरवर घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालवू नका. पूड इतकी बारीक असते की पिशवीतून परत हवेत येते.

कागदाच्या मापामुळे थांबणं

प्रिंटर 'ऑफलाइन' नाही, कामही गेलं, पण नारिंगी दिवा लुकलुकतोय. बहुधा फाइल 'लेटर' मापाची आहे आणि ट्रेमध्ये ए४. प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत उभा राहतो. ए४ २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर २१६ बाय २७९, आणि लीगल २१६ बाय ३५६. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' मध्येच नव्हे, तर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'च्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' मध्येही ए४ करा. पहिलं फक्त त्या लॉगिनपुरतं असतं, दुसरं त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी. लीगल वापरलं की ट्रेची सरकती पट्टी पुन्हा ए४ वर आणा. अनेक मॉडेलं पट्टीवरूनच माप ओळखतात.

सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्यांच्या चलनांना आणि बाजार समितीच्या काटापट्ट्यांना अजून डॉट मॅट्रिक्सच लागतो, कारण कार्बनच्या तीन प्रती एका फटक्यात निघतात. तिथली तक्रार वेगळी: पहिलं चलन बरोबर, दुसरं थोडं खाली, दहावं फाटायच्या रेघेवर. सलग कागदाची उंची आणि विंडोजमधली उंची जुळत नाही म्हणून हे होतं. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' मध्ये 'फॉर्म्स' टॅबवर 'क्रिएट अ न्यू फॉर्म' खूण करून रुंदी १० इंच, उंची ६ इंच (किंवा पट्टीने मोजून येईल ती) टाका, नाव द्या, 'सेव्ह फॉर्म'. मग प्रिंटरच्या प्रेफरन्समध्ये आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही तोच फॉर्म निवडा. मोजताना एका आडव्या छिद्ररेघेपासून पुढच्या छिद्ररेघेपर्यंत मोजा, कडेच्या भोकांची पट्टी उंचीत येत नाही.

पडद्यावर मराठी बरोबर, कागदावर चौकोन किंवा तुटलेली जोडाक्षरं असं झालं तर प्रिंटर निर्दोष आहे. ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' करा, पान चित्र म्हणून जातं आणि जसं दिसतं तसं उतरतं. थोडं सावकाश निघेल, एवढंच.